सालीवरचं जंगल

झाडाकडे आपण एक तर मान वर करून बघतो, नाहीतर खाली. वर मोहोर, कैऱ्या, कावळ्याचं घरटं. खाली पाचोळा आणि मुंबईत असाल तर कुणाची तरी स्कूटर. मधला पाच-सहा फुटांचा बुंधा नेमका आपल्या नजरेच्या उंचीवर असतो, पण तो जणू 'पेइंग गेस्ट ठेवणे आहे'ची पाटी ठोकण्यासाठीच मोकळा सोडलेला. माझं लक्ष त्या बुंध्याकडे वळवलं ते आमच्या घरच्या मसाल्याने.

आईचं माहेर पुण्याकडचं आणि बाबा कुडाळचे, त्यामुळे आमच्याकडे गोडा मसालाही होतो आणि मालवणीही. शिमगा झाला की लालबागची फेरी ठरलेली. आम्ही काळाचौकी सोडून बोरिवलीला आलो त्यालाही आता जमाना झाला, पण मसाला लालबागहूनच यायला हवा हा घरातला कायदा आहे. त्या बाजारात शिरलं की आधी शिंक येते, मग डोळ्यांना पाणी, आणि मग दुकानदाराची हाक. आई बेडगीचं देठ मोडून बघते, संकेश्वरीचा वास घेते, भावावरून वाद घालते. मी पिशव्या धरतो. मिरची झाली की गरम मसाल्याची यादी निघते आणि तिथे मला खरी मजा वाटू लागते. ती यादी म्हणजे निरनिराळ्या रानांची हजेरीच. त्रिफळ कोकणातल्या काटेरी बुंध्याच्या झाडाचं. रामपत्री सह्याद्रीच्या दमट रानातली, जायफळाच्या भावकीतली. तमालपत्र हिमालयाच्या उतारावरचं, मिरी मूळची मलबारची, चक्रीफूल तर पार चीन-व्हिएतनामकडचं. कुठे फळ, कुठे पान, कुठे साल, कुठे कळी. आणि यादीच्या अगदी तळाशी, विसरलं तर परत दुकानात जायला लावणारं, पन्नास-शंभर ग्रॅम दगडफूल.

दगडफूल या सगळ्यांत बसत नाही. ते कुठल्याच झाडाचं पान नाही, फळ नाही, साल तर मुळीच नाही. खरं तर ती एक वनस्पतीही नाही. बुरशी आणि तिच्या अंगात राहणारं हिरवं शैवल, अशी ती जोडी आहे. शास्त्राच्या पुस्तकांत तिला शैवाक म्हणतात. बुरशी अंग देते, ओल धरते, उन्हापासून आडोसा करते; शैवल सूर्यप्रकाशात अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा बुरशी घेते. १८६७ मध्ये सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने हे पहिल्यांदा मांडलं, तेव्हा शैवाकांच्या भल्याभल्या अभ्यासकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. आयुष्यभर एक समजून ज्याचा अभ्यास केला ते दोन निघालं, हे पचायला जडच. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की कित्येक शैवाकांच्या वरच्या थरात यीस्टच्या जातीची आणखी एक बुरशी असते. म्हणजे हिशोब अजून पुरा झालेला नाही.

मसाला कुटायला देण्याआधी तो निवडावा लागतो आणि दगडफूल निवडणं हे घरातलं सगळ्यात कंटाळवाणं काम समजलं जातं. यंदा ते मी मागून घेतलं. पेपर पसरला, पुडी उलटी केली आणि वाटण्या करत बसलो. बरेचसे तुकडे रुंद, लाटेसारख्या कडांचे, वरून राखाडी आणि खालून कोळशासारखे काळे. काळ्या बाजूला कडेशी तपकिरी पट्टा. हे पार्मोट्रेमा. काही तुकडे अरुंद, फाटे फुटत गेलेले, आणि कडेला बारीक काळे केस. भिंगाशिवाय ते केस कचरा वाटतात. हे एव्हर्निॲस्ट्रम. आणि मधूनच हिरवट-पिवळे धागे गुंतलेले: उस्निया. त्याची ओळख पटवायची सोपी खूण आहे. धागा ओला करून दोन बोटांत हळूच ताणायचा. बाहेरचं कवच तडकतं आणि आत पांढरा, रबरासारखा चिवट दोर दिसतो. ज्याला दुकानदार एकाच नावाने एकाच भावाने विकतो, त्यात निदान तीन प्रजाती पेपरवर वेगळ्या झाल्या होत्या. शिवाय थोडं शेवाळ आणि बऱ्याच ठिकाणी मागच्या बाजूला घट्ट चिकटलेले सालीचे कपचे.

"पैसे मोजून लोकांच्या झाडाची साल आणतोय आपण," आई म्हणाली. "काढ ती. कडवट होतो मसाला."

त्या सालीचा पत्ता मात्र लांबचा असतो. बाजारात येणारं दगडफूल बरंचसं उत्तराखंडच्या डोंगरातून, विशेषतः कुमाऊंकडून येतं. तिथे बांजाची, म्हणजे हिमालयातल्या ओकची, रानं आहेत. त्या झाडांची साल खडबडीत, ओल धरणारी, आणि ढगांत बुडालेले उतार. तिथले लोक याला झूला म्हणतात. गावकरी फांद्यांवरून, बुंध्यांवरून ते खरवडून गोळा करतात, रामनगरसारख्या बाजारात माल येतो, आणि तिथून एक वाट मसाल्याकडे जाते, दुसरी कनौजच्या अत्तरवाल्यांकडे. अत्तरात ते सुगंध धरून ठेवायला वापरतात. आपल्या कढईत ते तेलावर परतलं जातं, तेव्हा आधी काही वास येत नाही. मग एकदम ओल्या मातीचा आणि धुराचा मिळून एक वास उठतो, जो गोड्या मसाल्यातून काढून टाकला तर बाकी काय उरतं ते कुठल्याही पुणेरी सासूला विचारावं.

आता यातली गोम अशी की ही वस्तू वाढते फार सावकाश. पानांसारखे पसरणारे शैवाक वर्षाला काही मिलिमीटर, दगडाला चिकटलेले कवचासारखे तर बऱ्याचदा मिलिमीटरभरसुद्धा नाही. इतकं नियमित आणि इतकं हळू, की १९५० मध्ये रोलंड बेशेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने त्यांच्या गोलाच्या व्यासावरून हिमनदीने मागे टाकलेल्या खडकांचं वय काढायची पद्धत बसवली. माझ्या पेपरवरचा तळहाताएवढा तुकडा ज्या फांदीवरून सुटला, तिथे तेवढा दुसरा होईस्तोवर लालबागच्या किती फेऱ्या होतील!

निवडून झाल्यावर मी भिंग घेऊन खाली उतरलो. सोनारांकडे असतं तसं, दहापट मोठं दाखवणारं. आमच्या सोसायटीत इमारतीच्या आधीपासूनचं एक आंब्याचं झाड आहे आणि पंपरूमशेजारी दोन माड. आंब्याच्या बुंध्यावर रुपया-दोन रुपयांच्या नाण्याएवढे राखाडी गोल आहेत, कडेला नक्षी काढल्यासारखे, मध्ये पिठूळ. मे महिन्यात ते इतके कोरडे असतात की नखाने भुगा व्हावा. बाटलीतलं पाणी शिंपडलं. पाच-सात सेकंदांत राखाडी रंग गेला आणि हिरवा आला. वरचा बुरशीचा थर ओला झाला की पारदर्शक होतो आणि आतलं शैवल दिसू लागतं, एवढीच ती गंमत. पण मेलेलं समजून ज्याच्या अंगाला आपण स्कूटर टेकवतो, ते डोळ्यांसमोर कामाला लागतं, तेव्हा माणूस दचकतोच. पाणी मिळताच अन्न बनवणं सुरू, पाणी संपलं की सगळं बंद, पुन्हा वाट बघणं. २००५ साली युरोपीय अवकाश संस्थेने दोन जातींचे शैवाक यानाच्या बाहेर, उघड्या अवकाशात जवळपास पंधरा दिवस ठेवले होते. परत आणून ओले केल्यावर ते पुन्हा अन्न बनवू लागले. बोरिवलीचा मे त्या मानाने काहीच नाही.

आंब्यावरच्या या गोलांचं नाव पिक्सिन कोकोज. भारताच्या सपाटीवर, रस्त्याकडेच्या आंब्यांवर तो सर्रास सापडतो आणि धूळ-धूर इतरांपेक्षा बराच सोसतो. त्यात लायकेझँथोन नावाचं एक रसायन असतं, आणि नोटा तपासायच्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ते पिवळं चमकतं. माझ्याकडे तसा छोटा टॉर्च होता. रात्री दहाला मी तो घेऊन झाडापाशी उभा, बुंधा ठिकठिकाणी पिवळा उजळलेला. वॉचमन आला. "साहेब, नोट पडली का?" म्हणाला. त्यालाही दाखवलं. त्याने शांतपणे बघितलं आणि विचारलं, "औषधी आहे का?" आपल्याकडे झाडाच्या अंगावर काहीही असलं की हा प्रश्न येतोच.

माडाची तऱ्हा वेगळी. माडाच्या गुळगुळीत भागावर पांढरट कवच बसलंय आणि त्यावर बारीक काळ्या रेघा, वळलेल्या, तुटलेल्या, एकमेकींना जोडल्यासारख्या. जुन्या वतनाच्या कागदावर कुणी घाईत मोडी लिहावी तशा. हे ग्राफिस आणि त्याचं गोत. उष्ण कटिबंधातल्या जंगलांत याचा सुकाळ. त्या काळ्या रेघा म्हणजे बुरशीची बीजाणू सोडायची तोंडं. आणि माडाच्या पावसाळी बाजूला जो नारिंगी-विटकरी पट्टा दिसतो, कोकणात घरांच्या भिंतींवरही दिसतो, ज्याला सगळे गंज किंवा माती समजतात, ते ट्रेंटेपोलिया नावाचं शैवल. खरं तर ते हिरव्या शैवलांपैकीच, पण अंगातल्या नारिंगी रंगद्रव्याने हिरवा लपवलेला. ग्राफिसच्या पोटात बहुधा हेच असतं. म्हणजे एकाच माडावर शैवल मोकळंही नांदतंय आणि दोन विती पलीकडे बुरशीच्या आतही.

दोन झाडं, पंपरूम, आणि एवढं. मग मला मोठ्या बागांचा नाद लागला. भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालची. लोक पेंग्विन बघायला जातात. मी उर्वशी आणि गोरखचिंच यांच्या साली बघायला जाऊ लागलो, आणि शाळेच्या सहलीतली पोरं मी काय हरवलंय ते बघायला माझ्यामागे. तिथे एक गोष्ट लवकर ध्यानात येते: सगळ्या साली सारख्या नाहीत. पेरू आणि निलगिरीसारखी झाडं साल टाकत राहतात, त्यांच्यावर कुणाला बस्तान मांडता येत नाही. ऐनाच्या मगरीच्या पाठीसारख्या भेगांत एक मंडळी, जांभळाच्या सपाट फांदीवर दुसरी. साल आम्लधर्मी की नाही, पाणी किती धरते, ऊन कुठल्या बाजूने येतं, धूळ किती बसते, या सगळ्यावर ठरतं. बुंध्याच्या तळाला एक जात, डोक्याच्या उंचीवर दुसरी, शेंड्याकडच्या फांद्यांवर तिसरी. त्यामुळे वीस प्रकारची झाडं असलेलं रान आणि एकाच प्रकारची वीस हजार झाडं लावलेली जमीन, यांत शैवाकांच्या दृष्टीने काही साम्य नाही.

या मंडळींना मूळ नसतं. पानांना असतं तसं मेणाचं आवरणही नसतं, आणि हवा आत घेणं थांबवायला बंद करता येतील अशी रंध्रंही नसतात. जे मिळेल ते हवेतून, पावसातून, सगळ्या अंगाने. म्हणूनच हवा बिघडली की सगळ्यात आधी हेच जातात. विल्यम नायलँडर या फिनिश शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या शैवाकांची नोंद केली, आणि शहराच्या इतर भागांतून गायब झालेल्या जाती इथे अजून आहेत, त्याअर्थी इथली हवा बरी, असं लिहून ठेवलं. (हाच नायलँडर श्वेंडेनरच्या जोडीच्या कल्पनेचा कट्टर विरोधक होता. माणूस एका बाबतीत काळाच्या पुढे आणि दुसरीत हटवादी असू शकतो, हे आपल्याला घरबसल्याही माहीत आहे.) पुढे १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी इंग्लंड-वेल्समधल्या झाडांवर कोणते शैवाक आहेत, त्यावरून हवेतल्या सल्फर डायऑक्साइडचा अंदाज बांधायची पट्टीच तयार केली. दगडी कोळसा जळायचा थांबला, गंधकाचा धूर कमी झाला, तसे लंडनमध्ये आणि पॅरिसमध्ये हरवलेले बरेच शैवाक परत आले.

काळाचौकीच्या आमच्या जुन्या गॅलरीतून गिरण्यांची धुराडी दिसायची. वाळत घातलेल्या चादरीवर काजळीचे ठिपके पडायचे आणि आजी ते झटकायची नाही, फासतात म्हणून, हलकेच फुंकायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि धूर बंद पडला. संपाने आमच्या आळीचं काय झालं तो वेगळा विषय, आणि तो चांगल्या हवेच्या खात्यात मांडायची माझी हिंमत नाही. आता तिथे टॉवर आहेत, सिमेंटची धूळ आहे, आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांवर पालिका गेरूचा आणि चुन्याचा पट्टा मारते. साफसूफ, शिस्तीत. त्या पट्ट्याखाली काय होतं ते बघायला कुणी थांबत नाही.

देशातली शैवाकांची नोंद तशी चांगली आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आणि आपल्या पुण्याच्या आघारकर संस्थेत पिढ्यान् पिढ्या यावर काम झालं. मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ मध्ये उभी केलेली ही संस्था, तिथे पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखिजा यांच्यासारख्यांनी सह्याद्री पालथा घालून नमुने जमवले. लखनौला धरणीधर अवस्थींनी हा विषय भारतात रुजवला. जगात शैवाकांच्या सुमारे २०,००० जाती, त्यांतल्या ३,०००च्या आसपास भारतात. सपुष्प वनस्पती आपल्याकडे १८,०००हून अधिक. मुंबईत झेवियर्स कॉलेजमध्ये १९०६ पासून ब्लॅटर हर्बेरियम आहे. दाबून वाळवलेली झाडं, शेवाळं, बुरशी, कपाटांच्या रांगाच्या रांगा. या शहराला आपली रानं अगदीच माहीत नाहीत, असं म्हणायची सोय नाही.

पण जंगल मोजायची वेळ आली की ही माहिती हिशोबात धरली जात नाही. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून दर दोन वर्षांनी देशाच्या वनांचा अहवाल काढते. त्यात वनाच्छादन म्हणजे किमान १ हेक्टर जमीन, जिच्यावर झाडांचं छत्र १० टक्के किंवा जास्त आहे. मग जमीन कुणाचीही असो, झाडं कसलीही. आमराई चालते, निलगिरीची लागवड चालते, माडाची बागही चालते. २०२३ च्या अहवालात हा आकडा देशाच्या २१.७६ टक्के आहे. उपग्रहाला छत्र दिसतं, साल दिसत नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही; तो वरून बघतो. दोष त्या आकड्यावरून 'जंगल वाढलं' अशी बातमी करणाऱ्यांचा. आमच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीच्या वाटेवरचा उतार, ऐन, कुडा, हुंब, पळस, आठ वर्षांतून एकदा जांभळी होणारी कारवी, आणि काळ्या पाषाणावरचे फिकट गोल, हे सगळं त्या अहवालात एका हिरव्या ठिपक्याचं धनी.

फ्रान्सिस रोझ, तोच वर आलेला, याने १९७६ मध्ये आणखी एक काम केलं. ब्रिटनमधल्या रानात अशा काही शैवाकांची यादी केली, जे फक्त खंड न पडता जुन्या राहिलेल्या रानांतच आढळतात. झाडं तोडून पुन्हा लावली, अगदी त्याच जातीची, तरी ते लवकर परत येत नाहीत. त्यांना म्हाताऱ्या झाडाशेजारी म्हातारं होत आलेलं झाड लागतं, पाऊलभर पुढे सरकायला. त्या यादीतले किती सापडतात त्यावरून रान किती अखंड आहे ते ठरवायचं. मला हे मोजमाप फार पटतं. इथे एकदम वीस हजार रोपं लावून गुण मिळवता येत नाहीत.

आपला कायदा या दिशेने अर्धं पाऊल गेलाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यात २०२१ साली बदल झाला. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा-वृक्ष म्हटलं गेलं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची असं ठरलं. वयाला किंमत आली ही मोठीच गोष्ट. पण साठ वर्षांच्या झाडाबदली साठ रोपं हा हिशोब कागदावरच जुळतो. साठ रोपांच्या साठ कोवळ्या, गुळगुळीत साली मिळून एक जुनी साल होत नाही. साठ वर्षं कुणी लावणार असेल तर लावू द्या, माझी हरकत नाही. फक्त तोपर्यंत बुंध्यावरचे बीजाणू जवळपास कुठून तरी यायला हवेत, आणि जवळपासची म्हातारी झाडंही त्याच यादीत असतात.

हे सगळं मी आमच्या सोसायटीच्या सभेत एवढ्या विस्ताराने सांगितलं नाही. विषयपत्रिकेवर सातवा मुद्दा होता: गणपतीच्या आधी आवारातल्या झाडांना गेरू-चुना मारणे. खर्च किरकोळ. सेक्रेटरी म्हणाले, वाळवी लागत नाही आणि आवार स्वच्छ दिसतं. मी म्हटलं, वाळवीचं बघू, पण आंब्यावर आणि माडांवर दगडफूल आहे, ते मरेल. तळमजल्यावरच्या काकू ताडकन उठल्या. "दगडफूल? आपल्या आवारात? आणि मी शंभर ग्रॅमला एवढे पैसे मोजते?" हे मसाल्यातलं नव्हे, खायचं नव्हे, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली, आणि तेवढ्यात सभेचा माझ्याबद्दलचा आदर होता तेवढा संपला. शेवटी तोडगा निघाला: आंब्याला हात लावायचा नाही, माड पंपरूमच्या मागे आहेत, कुणाला दिसत नाहीत, तेही राहू देत, पण गेटजवळच्या अशोकांना मारायचाच. अशोकांच्या बुंध्यांवर काही आहे का ते मी अजून नीट पाहिलेलं नाही. रंगारी रविवारी येणार आहे, म्हणजे शनिवारी पाहायला हवं.